दाजींची हवेवरची गाडी

आमच्या दाजींच्या मते या जगात कुठलीच वस्तू सरळ नव्हती. माणसं सरळ नसतात हे कुणीही सांगेल, पण दाजींचा रोख माणसांवर नव्हता. माणसांबद्दल त्यांची कधी फारशी तक्रारच नसे. त्यांचा आक्षेप होता भिंतींवर, दारांच्या चौकटींवर, विजेच्या खांबांवर, मैलांच्या दगडांवर, आणि एकूणच या सृष्टीच्या बांधकामावर. सगळं जग किंचित डावीकडे झुकलेलं आहे, असं त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून ठरवून टाकलं होतं. ते का झुकलं याचं उत्तर मात्र त्यांना सापडलेलं नव्हतं, आणि ते सापडेपर्यंत स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. चौक गावी त्यांची भाताची गिरणी होती, गिरणीला लागून घर, आणि घरासमोरून मुंबई-पुण्याचा हमरस्ता. सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या बहुतेक गाड्या दाजींच्या ओटीसमोरून जात, आणि त्यातली एकही धड सरळ जात नाही हे दाजी चहा पिता पिता ओळखत.

बाकीचे लोक सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पिशवी ठेवतात. दाजींच्या खिशात पितळी ओळंबा असे. जावई म्हणून ते दिवाळसणाला पहिल्यांदा आमच्या दहिवलीच्या घरी आले तो प्रसंग मला अजून आठवतो. आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी, वडील नवीन टोपी घालून मागे उभे, आणि दाजींनी उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधी खिशातून ओळंबा काढून आमच्या दाराच्या चौकटीला लावला. एक डोळा मिटून त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वडिलांना म्हणाले, "मामा, चौकट डावीकडं गेलीय. बोटभर." वडिलांनी ती चौकट स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. ती सगळी दिवाळी ते जावयाशी मोजकंच बोलले. पुढे शेलूला एका नात्यातल्या लग्नात तर दाजींनी कहरच केला. मंगलाष्टका सुरू झाल्या, लोकांनी अक्षता हातात घेतल्या, आणि मांडवातून आवाज आला, "थांबा!" भटजी गप्प झाले. मुलीकडच्यांच्या तोंडचं पाणी पळालं, मुलाचा बाप घामाघूम झाला. दाजी शांतपणे पुढे गेले, अंतरपाटाचं डावीकडचं टोक जरासं वर उचललं, दोन पावलं मागे येऊन बघितलं आणि म्हणाले, "हां. आता होऊ द्या." त्या जोडप्याचा संसार पुढे उत्तम झाला, आणि त्याचं सगळं श्रेय दाजी स्वतःकडे घेत.

हे वेड त्यांना गिरणीनं लावलं होतं, असं माझं मत आहे. गिरणीत इंजिनाच्या पुलीवरून यंत्राच्या पुलीवर लांबलचक पट्टा फिरतो. या दोन पुल्या अगदी एका रेषेत नसतील तर पट्टा फिरता फिरता हळूच कडेला सरकतो आणि शेवटी फाडकन उतरतो. उतरलेला पट्टा चढवणं हे काही फार मोठं काम नाही. कुठल्याही गिरणीत पट्टा उतरतो, चढवतात, पुन्हा उतरतो. दाजींना मात्र तो का उतरला हे कळल्याशिवाय घास गोड लागत नसे. तासन् तास ते पट्ट्याकडे बघत उभे राहत. भात घेऊन आलेल्या बायका खोळंबून राहत, कुरकुरत, आणि दाजी त्यांनाच विचारत, "मावशी, तुमी सांगा, ह्यो डावीकडंच का जातो?" मावशी म्हणे, "मला काय ठावं? माझं भात द्या."

अशा माणसाच्या घरात आक्कानं आनंदानं संसार केला याचं मला नेहमी कौतुक वाटे. ती त्यांची खोड काढण्यात तरबेज होती. जेवताना ती मुद्दाम ताट जरा तिरकं ठेवी आणि वरण कुठल्या बाजूला वाहतं ते दोघं मिळून बघत. पण एका सुगीत आक्का भाताच्या माळ्यावरून पडली. हाडं जुळली, पण पाठीच्या कण्यात काहीतरी राहून गेलं. कितीतरी महिने ती अंथरुणाला खिळून होती. मग हळूहळू उठून बसायला लागली, भिंत धरून चार पावलं चालायला लागली. चालणं, बसणं जमे. जमत नव्हता तो धक्का. जरासा धक्का बसला तरी पाठीतून सुरी फिरल्यागत होई आणि ती पांढरीफटक पडे. चौकहून दहिवलीपर्यंतचा रस्ता तेव्हा नावाचाच होता. तिला माहेरी आणायचा प्रयत्न आम्ही गादी घातलेल्या बैलगाडीतून केला, एस.टी.तून केला, एकदा टॅक्सीतूनही केला. प्रत्येक वेळी गावाची वेस ओलांडायच्या आत तिला परत न्यावं लागलं. टॅक्सीच्या वेळी ती ओरडली नाही, नुसती दाजींच्या मनगटाला घट्ट धरून राहिली, आणि घरी परतल्यावर म्हणाली, "बास झालं. आता मी कुठं जायची नाय." त्यानंतर ती ओटीवरच्या खुर्चीत उशांना टेकून बसून असे. ताट तिरकं करणंही तिनं सोडून दिलं.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरी घेऊन भाऊ घरी आला की बहीण दार अडवते. तुझ्या पोटी मुलगी आली तर माझ्या मुलाला देशील का, असं विचारते आणि भावाकडून हो म्हणवून घेतल्यावरच दोघांना आत सोडते. पुढे मुलगी द्यायची की नाही हे मुलगी मोठी झाल्यावर कुणी विचारत नाही, पण दार अडवायचा मान बहिणीचा. तो तिच्यावाचून दुसऱ्या कुणी घेतला तर लग्नात काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. घरातली वडीलधारी मंडळी दबक्या आवाजात म्हणायला लागली की आक्काला काही यायला जमायचं नाही, तर चुलत बहिणीला उभी करू. हे कुणीतरी चौकला जाऊन आक्काच्या कानावर घातलं. आक्का म्हणाली, "करा की. ती धडधाकट हाय." एवढं बोलून ती आत गेली, म्हणजे आत नेण्यासाठी तिनं हात पुढे केला. दाजी तिथंच उभे होते. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून ते मुंबईला गेले. गिरणीला ते सहसा कुलूप लावत नसत.

चार-सहा दिवसांनी ते परतले तेव्हा ओटीसमोर जे उभं राहिलं ते बघायला सगळं चौक लोटलं. एका परदेशी वकिलातीनं लिलावात काढलेली ती अजस्र काळी मोटार होती. एवढी लांब की तिचं तोंड गिरणीपाशी असलं तर शेपूट हॉटेलवाल्याच्या दारात. दाजींनी इंजिन बंद केलं आणि लोकांच्या देखत ती गाडी सुस्कारा टाकून हळूहळू खाली बसली. बायका मागे सरकल्या. दाजी म्हणाले, "घाबरू नका. बसली ती. दमलीय." मग पुन्हा इंजिन चालू केलं आणि फुस्स करत गाडी उठून उभी राहिली. या गाडीला धक्का झेलणारे लोखंडी कमान पाटे नाहीत, चारी चाकांवर रबराच्या पिशव्या आहेत आणि त्यात हवा भरलेली आहे, म्हणजे ही गाडी चाकांवर नाही, हवेवर चालते, असं दाजींनी सांगितलं तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "मग चाकं कशाला ठेवलीत?" दाजींना तो प्रश्न फार आवडला. त्यावर ते अर्धा तास बोलले.

तेवढ्यात गावातलं भजनी मंडळ कुठल्याशा भजनाला निघालेलं तिथून चाललं होतं. दाजींनी सगळ्यांना टाळ-मृदंगासकट गाडीत कोंबलं. मृदंग वाजवणारा गडी चांगला ढेरपोट्या होता. त्याला मागच्या बाजूला बसवला. गाडीचा मागचा भाग खाली गेला, लोक हसले. दाजींनी हात वर केला. "थांबा." गाडीच्या पोटातून हवेचा आवाज आला आणि मागचा भाग पुन्हा सावकाश वर येऊन होता तिथं थांबला. दाजींनी फूटपट्टी लावून दाखवली. "बघा! वजन पडलं की ही आपली आपनच हवा वाढवती, उतरलं की कमी करती. धा मानसं बसवा, नायतर एक कोंबडी बसवा, ही आपली उंची सोडत नाय." भजनी मंडळ उतरलं, गाडी जरा वर उसळली, आणि पुन्हा फुस्स करून जागेवर आली. ओटीवर उशांना टेकून बसलेली आक्का त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसली.

गाडी मऊ होती यात शंकाच नाही. दाजी स्वतः मागच्या सीटवर आडवे झाले आणि खळगे हुडकून त्यांवरून मला हिंडवायला लावलं. मला तेव्हा गाडी जेमतेम चालवता येत होती, पण खळग्यात घालायला फार शिकावं लागत नाही. "काय कळत नाय रं! पाळन्यात झोपल्यागत वाटतंय," असं ते मागून ओरडत होते. अडचण दुसरीच होती. गाडी डावीकडे ओढत होती. स्टीअरिंगचं चाक सतत उजवीकडे ओढून धरावं लागे, हात जरा सैल पडला की ती कडेच्या निरगुडीकडे निघे, आणि पुन्हा रस्त्यावर घ्यायला हिसका द्यावा लागे. खालून येणारा धक्का हवा खाऊन टाकी, हा आडवा हिसका कोण खाणार? तो आक्काच्या पाठीनंच खायचा. तेव्हा चाकं सरळ केल्याशिवाय आक्काला गाडीत बसवायचं नाही, असं दाजींनी जाहीर केलं. लग्नाला थोडेच दिवस उरले होते.

हमरस्त्यावर खालापूरच्या एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. ट्रकची चाकं तो नुसत्या डोळ्यानं सरळ करतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती त्यानंच पसरवली होती. त्यानं पद्धतीप्रमाणे सकाळी थंड गाडीवर काम केलं. दोरी लावली, पुढच्या चाकांमधला रॉड पान्यानं फिरवला, डोळा लावला, पुन्हा फिरवला. दाजींनी ओळंबा लावून बघितलं. चाकं सुतासारखी सरळ. दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली. गाडी चालू झाली, उठली, खोपोलीच्या दिशेनं निघाली आणि थेट उजवीकडच्या आंब्याकडे गेली. मिस्त्री म्हणाला, "रस्ता वाकडा हाय." दाजी मात्र भारावून गेले होते. सबंध आयुष्यात त्यांनी उजवीकडे जाणारी ती पहिलीच वस्तू पाहिली. लग्न तोंडावर आलेलं, आक्काचं जाणं या चाकांवर अडलेलं, आणि हा गृहस्थ आंब्याखाली उभा राहून आनंदानं विचारत होता, "असं का झालं असंल रं?"

पुढचे दोन दिवस त्यांनी गाडीसमोर बसकण मारली. पुढच्या चाकांवर त्यांनी चुन्याच्या खुणा केल्या होत्या. मला इंजिन चालू करायला लावत, गाडी उठे. बंद करायला लावत, गाडी बसे. उठ, बस, उठ, बस. रस्त्यानं जाणारे ट्रकवाले थांबून बघत. जेवायला बोलावलं तर दाजी म्हणत, "आलो," आणि येत नसत. आक्काच शेवटी ओटीवरून ओरडे, "अवो, तिला तरी दम खाऊ द्या!" दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकदम उठले, मिस्त्रीला हाताला धरून घेऊन आले आणि चुन्याच्या खुणा दाखवल्या. गाडी खाली बसली की पुढच्या चाकांची तोंडं एका तऱ्हेनं वळत होती, उभी राहिली की दुसऱ्या तऱ्हेनं. मिस्त्रीनं बसलेल्या गाडीची चाकं सरळ केली होती, आणि गाडी तर चालते उभी राहून. "शिंपी कधी झोपलेल्या मानसाचं माप घेतो का?" दाजी म्हणाले. "हिला उभी करून माप घ्यायला पायजे. हवा भरलेली, इंजिन चालू, जशी रस्त्यावर जाती तशी."

मिस्त्री हुशार होता, त्याला पटलं. पण तो सावधही होता. "इंजिन चालू ठेवून मी खाली घुसू? हवा गेली तर माझा पापड व्हईल." मग तिसऱ्या दिवशी गिरणीतले सागाचे ओंडके आणून गाडीच्या सांगाड्याखाली असे रचले की हवा गेलीच तर गाडी त्यांच्यावर बसावी, मिस्त्रीवर बसू नये. सपाट जागा हवी, तर गिरणीपुढे भात वाळवायचं सिमेंटचं आंगण होतं. तिथं वाळत घातलेलं भात दाजींनी बायकांना उचलायला लावलं, आंगणावर घागरभर पाणी ओतलं आणि बघत राहिले. पाणी डावीकडे गेलं. दाजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. जिथं उतार निघाला तिथं चाकाखाली पत्रे सारून त्यांनी जमीन एका पातळीत आणली. पुढच्या चाकांखाली दोन दोन पत्रे घातले आणि त्यांच्यामध्ये ग्रीस चोपडलं, म्हणजे रॉड फिरवला की चाक जमिनीला न अडता मोकळं वळेल. गाडीच्या दोन्ही अंगांना पुढून मागेपर्यंत दोऱ्या ताणल्या. चाकाच्या पुढच्या कडेपासून दोरीचं अंतर, मागच्या कडेपासून दोरीचं अंतर, असं माप घ्यायचं. एका दोरीचं टोक माझ्या हातात होतं. परवावर लग्न आलेला नवरदेव मी, पण हळद लागायच्या आधी मला ग्रीस लागलं.

त्या दिवशी सकाळी आक्का मला हळूच म्हणाली होती, "बाल्या, हे सगळं माझ्यापायी चाललंय ना रं? नको करू म्हनावं. मी तिथं येऊन करनार काय? मला उठवा, मला बसवा, मला पानी द्या. लोकांनी नवरीला बघायचं का मला? माझा कुनाला काय उपयोग हाय आता?" मी म्हटलं, "असं काय बोलतेस?" आणि असं म्हणण्यानं काहीही होत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दाजी आतल्या खोलीत पत्रे कापत होते. त्यांनी ते ऐकलं की नाही मला कळलं नाही. पत्रे कापायचा आवाज मध्येच थांबला होता, एवढं खरं.

दुपार कलली तेव्हा माप जुळलं. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "झालं. आता जाऊ द्या कुठंबी." दाजींनी दोन्ही बाजूंचं माप पुन्हा पाहिलं, मान हलवली, आणि म्हणाले, "नाय. काय तरी कमी पडतंय." मग ओटीकडे वळून त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकतीस का? जरा ये हितं. मागं डाव्या अंगाला बस. तुज्या वजनाबिगर माप बराबर येत नाय."

आक्का म्हणाली, "मी?"

"मग कोन? त्या जागी तूच बसनार ना रस्त्यानं? मग तू बसल्याबिगर गाडी सरळ कशी जाईल?"

मी म्हटलं, "पण दाजी, वजनाचा तर गाडीला..."

"तू दोरी ताठ धर. ढिली पडलीय."

दोरी ढिली पडलेली नव्हती. मिस्त्रीनं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं आणि पान्याकडे बघायला लागला. आक्का उठली. खुर्चीचा हात धरून, मग खांब धरून, मग दाजींचा खांदा धरून ती ओटीच्या पायऱ्या उतरली. इतक्या दिवसांत त्या पायऱ्या उतरायला तिला कुणी कारणच दिलं नव्हतं. ती गाडीत बसली, गाडी किंचित खाली गेली, फुस्स झालं, आणि गाडी होती तिथं आली. मी माप बघितलं. सूतभरही फरक पडलेला नव्हता. दाजी गुडघ्यावर बसले, पट्टी लावली, डोळा मिटला आणि म्हणाले, "बघ! गेलं ना उजवीकडं. मिस्त्री, रॉड घ्या पुना."

मिस्त्रीनं खाली घुसून पाना वाजवला. नुसताच वाजवला असणार. संध्याकाळपर्यंत हे चाललं. आक्का ताठ बसून होती. दाजी मध्ये मध्ये ओरडत, "हलू नको!" आणि ती श्वास रोखून धरी. भात परत पसरायला आलेल्या बायका गाडीच्या खिडकीशी गोळा झाल्या, तर आक्कानं त्यांना दटावलं, "लांब व्हा गं, टेकू नका, माप बिघडंल." मग ती मिस्त्रीलाच सूचना द्यायला लागली. चहाही तिनं गाडीतच घेतला. बशीतल्या चहाची पातळी बघून ती म्हणाली, "अवो, डावीकडं जातोय थोडा." दाजी पळत आले, दोघांनी मिळून बशीत डोकावून बघितलं, आणि दाजी इतके खूश झाले की मिस्त्रीला त्यांनी आणखी एकदा खाली घुसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दाजींनी गाडी बैलाच्या चालीनं हाकली. मी पुढे, आक्का मागे डाव्या अंगाला. पहिला खळगा आला तेव्हा मी डोळे मिटले. मागून काहीच आवाज आला नाही. दुसरा आला, तिसरा आला. टॅक्सी जिथून परतली होती ते वळण मागे पडलं, वेस मागे पडली. मी वळून बघितलं तर आक्का दोन्ही हात सीटवर रोवून, मान ताठ करून समोर बघत बसली होती. पाठीच्या भीतीनं नव्हे. ती गाडी रस्त्यावर धरून ठेवत होती. एका सरळ पट्टीत दाजींनी चाकावरचे दोन्ही हात काढून वर केले. "बघा, जातीय की नाय सरळ!" मी आणि आक्का एकदमच ओरडलो. आक्का जरा पुढे झुकली तसे दाजी खेकसले, "हलू नको! मागं टेक. तू हाललीस की जाईल डावीकडं." आक्का पुन्हा ताठ झाली. दहिवलीला आमच्या दारात गाडी थांबली, सुस्कारा टाकून खाली बसली, आणि आई भाकरतुकडा घ्यायचंही विसरून तशीच अनवाणी धावत आली.

लग्न लागलं आणि तिन्हीसांजेला मी नवरीला घेऊन दारात आलो, तेव्हा आक्का चौकटीत उभी होती. एक हात या बाजूला, एक हात त्या बाजूला. "पोरगी देशील का माझ्या पोराला?" मी म्हटलं, "देईन." "जोरात बोल. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं पायजे." मी पुन्हा ओरडून म्हटलं. नवरी लाजून हसली. आक्काचे ओठ दुखण्यानं घट्ट मिटलेले दिसत होते, तरी तिनं नवरीकडूनही वदवून घेतलं, नाव घ्यायला लावलं, ते पसंत पडलं नाही म्हणून दुसरं घ्यायला लावलं. एवढं सगळं होत असताना दाजी कुठं होते? ते तिच्या काखेखालून चौकटीला ओळंबा लावत होते. "मामा," ते एकदम म्हणाले, "ही तर सरळ केलीय!" वडील दुसरीकडे बघायला लागले. त्या दिवाळीनंतर त्यांनी गुपचूप सुतार बोलावला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सासरे-जावई त्या रात्री एका पंगतीला बसले आणि लाकूड पावसात कुठल्या अंगाला फुगतं यावर बोलत राहिले.

त्यानंतर दाजींनी एक नियमच केला. आक्का बसल्याशिवाय ती गाडी हलायची नाही. कुणाला स्टेशनवर सोडायचं असो, कुणाकडे बारसं असो, गिरणीचा सुटा भाग आणायला खोपोलीला जायचं असो, दाजी सांगत, "हिला विचारा. ती बसल्याबिगर गाडी सरळ जात नाय." मग लोक आक्काला विनवायला येत. ओटीवरच्या खुर्चीत बसून असलेली आक्का वर्षभरात साऱ्या पंचक्रोशीची माणसं, त्यांची बारशी, भांडणं आणि दुखणी ओळखायला लागली. "मला वेळ नाय गं उद्या," असंही ती कधी कधी म्हणे, आणि ते म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा असे. पुढे हवेच्या पिशव्या चिरल्या. सायकलवाल्यानं त्यांना ठिगळं लावली, ती ठिगळंही चिरली. तसल्या पिशव्या इकडे कुठं मिळणार? शेवटी मिस्त्रीनं ट्रकचे कमान पाटे बसवले. गाडी इतर गाड्यांसारखीच आदळायला लागली तसा दाजींचा तिच्यातला रस संपला. पण तोवर आक्काची पाठ पुष्कळ सुधारली होती. ती एस.टी.नं एकटी दहिवलीला यायची, तीही खिडकीची जागा भांडून मिळवून.

दाजी गेले त्याला आता बराच काळ लोटला. मी अधूनमधून चौकला जातो. गिरणी भाच्यानं बंद केली, पण गाडी आंगणाच्या कडेला अजून उभी आहे, आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. परवा ओटीवर आम्ही दोघं चहा पीत होतो. इतकी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट मला एकदम सांगावीशी वाटली. आता सांगितली तर बिघडायचं काय, असं वाटून मी म्हटलं, "आक्का, एक सांगू? त्या गाडीला खरं म्हणजे वजनाचा काही..."

"भजनी मंडळ बसलं व्हतं तवा मी इथंच व्हते की रं ओटीवर," आक्का म्हणाली. "कोंबडीचं बी ऐकलं व्हतं मी."

मी म्हटलं, "मग तू त्या दिवशी उतरलीस कशाला पायऱ्या?"

"ते हाक मारत व्हते ना." तिनं चहाची बशी जराशी तिरकी केली, चहा कुठल्या अंगाला जातो ते पाहिलं, आणि गाडीकडे बघत म्हणाली, "पन सरळ जायची हां, गाडी."